वाऱ्याचा सातबारा



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय दिला तो ‘पवनऊर्जेचे फायदे व तोटे’ असा. मी इंजिनिअर नाही. माझे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या दारात आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. तेव्हा किलोवॉट-मेगावॉटचा हिशेब माझ्या तोंडून आपण कितपत विश्वासाने घ्याल हे मला ठाऊक नाही. परंतु फायदा आणि तोटा हे शब्द आम्हा युनियनच्या माणसांच्या रोजच्या वापरातले आहेत. वाटाघाटीच्या टेबलाशी बसून बसून एक खोड मात्र जडली आहे. कोणी ‘फायदा’ म्हटले, की तो कोणाच्या खात्यात, आणि ‘तोटा’ म्हटले, की तो कोणाच्या, हे आधी विचारायचे. त्याच खोडीने मी पवनचक्कीचा इतिहास वाचीत गेलो, आणि तोच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

आरंभ पार इंग्लंडातून करतो. तेथे बरी सेंट एडमंड्स या गावी बाराव्या शतकात एक बलाढ्य मठ होता आणि सॅमसन नावाचा करडा मठाधिपती त्याचा कारभार पाहत होता. ११९१ साली हर्बर्ट नावाच्या एका वृद्ध धर्माधिकाऱ्याने आपल्या जागेत पवनचक्की उभारली. ही हकीकत त्याच मठातल्या जोसेलिन नावाच्या साधूने आपल्या बखरीत लिहून ठेवली आहे. त्या काळी दळणाचा मक्ता मठाचा. लोकांनी मठाच्याच गिरणीत दळायचे आणि दळणावळ मठाला द्यायची, अशी वहिवाट. खासगी पवनचक्कीची बातमी कानी पडताच सॅमसन इतका संतापला, की त्याला अन्न गोड लागेना. त्याने दुसऱ्याच दिवशी सुतार पाठवून ती मोडून टाकण्याचा हुकूम केला. हर्बर्ट धावत आला. त्याचे म्हणणे असे, की वाऱ्याचा लाभ कोणालाही नाकारता येत नाही, आणि शिवाय मी फक्त माझेच धान्य दळीन. सॅमसनचे उत्तरही बिनतोड होते. तू म्हणशील ते ठीक, पण उद्या गावकरी तुझ्याकडे दळायला येतील आणि ते मोकळे लोक असल्यामुळे मला त्यांना अडवता येणार नाही. म्हाताऱ्याने घरी जाऊन आपली चक्की आपल्याच हाताने उतरवली. मठाचे सेवक आले तेव्हा मोडायला काही उरलेच नव्हते.

ही गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा कितीतरी वेळ पुस्तक तसेच उघडे ठेवून बसलो होतो. वारा कोणाचाच नाही, हे दोघांनाही मान्य होते. भांडण होते ते वारा जेथे पकडता येतो त्या जागेचे, आणि त्या जागेवर कोणाचा हुकूम चालतो याचे. हॉलंडात तर पुढे या गोष्टीला रीतसर कायद्याचे रूप आले. तेथे जमीनदार सरदार चक्कीवाल्यांकडून वाऱ्याबद्दल कर घेत असत. त्यांच्या भाषेत त्याला ‘विंडरेख्त’ म्हणत. आपण वातहक्क म्हणू. वारा देवाचा, कर सरदाराचा!

पवनचक्की मूळची युरोपची नव्हे. दहाव्या शतकातल्या अल-मसूदीने इराणच्या पूर्वेकडील सीस्तानातल्या चक्क्यांचे वर्णन केले आहे. त्या उभ्या आसाभोवती फिरत, आणि तशा जुन्या चक्क्या खुरासानात नाश्तीफान येथे आजही उभ्या आहेत. परंतु वाऱ्यावर एका आख्ख्या देशाचा उद्योग चालवून दाखवला तो हॉलंडने, आणि आम्हा कामगारांच्या दृष्टीने खरी कथा तेथूनच सुरू होते.

उयटखेस्ट गावचा कोर्नेलिस कोर्नेलिसझोन हा एक साधा शेतकरी-चक्कीवाला. वाऱ्याने फिरणाऱ्या आसाला वाकडा दांडा, म्हणजे क्रँक, जोडला तर गोल फिरणे वर-खाली हलण्यात बदलते आणि करवत चालवता येते, हे त्याने ओळखले. १५९४ च्या सुमारास त्याने लाकूड चिरणारी पवनचक्की उभी केली. साठ ओंडके चिरायला हातकरवतीने १२० दिवस लागत, ते काम चक्की चार-पाच दिवसांत उरकी, असा हिशेब सांगितला जातो. अ‍ॅमस्टरडॅम शहरातल्या करवतकामगारांच्या संघाने या यंत्राला विरोध केला. मग यंत्र गेले जवळच्या झान नदीकाठी, जेथे असा संघ नव्हता. अठराव्या शतकाच्या आरंभी त्या टापूत लाकूड चिरणाऱ्या चक्क्याच दोनशेहून अधिक होत्या, आणि रशियाचा झार पीटर १६९७ साली जहाजबांधणी शिकायला तेथे येऊन राहिला. डच आरमार आणि डच व्यापार यांच्या फळ्या या चक्क्यांनी चिरलेल्या होत्या. जेथे संघटना आहे तेथून यंत्र उठवायचे आणि जेथे ती नाही तेथे न्यायचे, ही युक्ती मालकवर्गाने आमच्या हयातीत शोधली अशी माझी समजूत होती. ती सव्वाचारशे वर्षांची जुनी निघाली.

इंग्लंडात हेच भांडण दोन शतकांनी उसळले. हाताने लाकूड चिरणे हे काम कसले असते ते पाहा. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा. एक माणूस वर उभा, एक खाली खड्ड्यात. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. पण कसब त्या दोघांचे, आणि त्यावर घर चाले. चार्ल्स डिंगले नावाच्या धनिक व्यापाऱ्याने लंडनच्या पूर्वेस लाइमहाउस येथे वाऱ्यावर चालणारी करवतगिरणी काढली. १७६८ च्या मे महिन्याच्या १० तारखेला सुमारे पाचशे करवतकामगार तेथे चालून गेले आणि त्यांनी ती मोडली. दुसऱ्याच वर्षी पार्लमेंटने गिरणी मोडणे हा देहान्ताचा गुन्हा ठरवला. यंत्राच्या रक्षणाला एक वर्षात कायदा झाला. करवतकामगाराच्या पोटाला कायदा व्हायला पुढे किती दशके गेली ते आपण जाणताच.

आता मी गिरण्या मोडणाऱ्यांच्या पक्षाचा आहे, असे कोणी समजू नये. त्या खड्ड्यात माणसाने जन्म काढावा असे मला मुळीच वाटत नाही. वाऱ्याने माणसाला त्या खड्ड्यातून वर काढले, हा पवनशक्तीचा पहिला मोठा उपकार होय. मात्र वर काढल्यावर त्याला कोठे उभे करायचे, हा विचार यंत्र आणणाऱ्याने केला नाही आणि यंत्र मोडणाऱ्यालाही करता आला नाही. हॉलंडातली पाणी उपसण्याची कथाही थोडीफार अशीच आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी पैसा घातला, यान लेखवाटरसारख्या कसबी माणसाने आपले कसब लावले, चाळीसहून अधिक चक्क्यांनी बेमस्टर नावाचे अफाट तळे उपसले, आणि १६१२ साली तळाची सुमारे सात हजार हेक्टर काळी जमीन उघडी पडली. जमीन वाटली गेली ती ज्यांनी पैसा घातला त्यांच्यात. तळ्यात जाळे टाकणाऱ्यांना काय मिळाले, हे त्या नकाशांवर दिसत नाही. असो.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे, कारण पुढचा सगळा व्यवहार त्यावर उभा आहे. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या नुसत्या पटीने वाढत नाही. ती वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट. आपल्या गावात वारा सेकंदाला पाच मीटरने वाहतो आणि वरच्या सड्यावर सहा मीटरने, तर ऐकायला फरक एका मीटरचा, पण शक्ती जवळजवळ पावणेदोन पट. उलट वारा निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्शावर येते. शिवाय यंत्र कितीही उत्तम असो, वाऱ्यातील शक्तीपैकी शेकडा ५९ हून अधिक काढून घेता येत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ याने १९२० च्या सुमारास सिद्ध केले; सगळी शक्ती काढून घेतली तर वारा तेथेच थांबेल आणि मागचा पुढे येणार नाही. म्हणून या धंद्यात जागेला इतके महत्त्व. डोंगराची कड, खिंड, समुद्रकाठ, अशा मोजक्याच जागा. जेथे ज्वारीही धड येत नाही असा खडकाळ माळ या हिशेबात सोन्याचा ठरतो, आणि ही गोष्ट माळाच्या मालकाला बहुधा सर्वांत शेवटी कळते.

वाऱ्यापासून वीज करण्याचा प्रयोग स्कॉटलंडमधील जेम्स ब्लाइथ या प्राध्यापकाने १८८७ साली मेरीकर्क गावी आपल्या सुट्टीतल्या घराच्या बागेत केला. कापडी शिडांची चक्की, तिने भरलेल्या बॅटऱ्या आणि त्यांवर घरातले दिवे. उरलेली वीज त्याने गावच्या रस्त्यासाठी देऊ केली, तर गावकऱ्यांनी ही सैतानाची करणी म्हणून ती नाकारली. त्यांना हसायला सोपे आहे. मी हसत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

माझ्या मते या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान डेन्मार्कचे आहे. त्या देशात एकोणिसाव्या शतकात लोकशाळा निघाल्या. शेतकऱ्यांची वयात आलेली मुले-मुली हिवाळ्यात तेथे येऊन राहत आणि शिकत. परीक्षा नाही, पदवी नाही. आस्कोव येथील अशाच शाळेत पॉल ला कूर हे भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. वीज शहरात येणार, कारखानदाराच्या घरी येणार, आणि खेडे अंधारात राहून तरुण पोरे शहराकडे पळणार, ही त्यांची चिंता. १८९१ साली सरकारी मदतीने त्यांनी शाळेजवळ वीज करणारी पवनचक्की उभारली. वारा पडला तर काय, हा प्रश्न त्यांनाही होताच. त्यांनी विजेने पाण्याचे पृथक्करण करून हायड्रोजन वायू साठवला आणि कित्येक वर्षे शाळेतले दिवे त्यावर लावले. मधूनमधून स्फोट होऊन खिडक्यांची तावदाने फुटत. ती बदलून प्रयोग पुढे चाले. आज हायड्रोजन साठवण्याची भाषा मोठमोठ्या परिषदांत ऐकू येते, तेव्हा मला ती फुटकी तावदाने आठवतात. ला कूर यांनी आणखी एक काम केले, आणि माझ्या लेखी ते चक्कीहून मोठे आहे. १९०४ पासून त्यांनी खेड्यातल्या मुलांना विजेच्या कामाचे शिक्षण देण्यास आरंभ केला. १९१८ च्या सुमारास डेन्मार्कमधील सव्वाशेच्या आसपास गावठी वीजकेंद्रांत पवनचक्की होती.

त्या विद्यार्थ्यांपैकी एक योहानेस यूल. त्याने उतारवयात, १९५७ साली, गेडसर येथे तीन पात्यांची २०० किलोवॉटची चक्की उभी केली. वादळात यंत्र बेफाम झाले तर पात्यांची टोके आपोआप वळून त्याला आवरतील, अशी सोय त्याने केली होती. ती चक्की दहा वर्षे चालली आणि १९६७ साली बंद पडली, कारण तेल स्वस्त होते. सहा वर्षांनी, १९७३ साली, तेल महागले आणि जगाला वारा आठवला.

यानंतर जे घडले ते कोणाही कारागिराची छाती फुगावी असे आहे. जर्मनीत सरकारी पैशाने, नामांकित कंपन्यांच्या हातून ‘ग्रोवियान’ नावाचे तीन मेगावॉटचे अवाढव्य यंत्र १९८३ मध्ये उभे राहिले. ते सारे मिळून चारशे-साडेचारशे तास चालले असेल-नसेल, मग मोडीत निघाले. आणि डेन्मार्कमध्ये क्रिस्टियन रीसागर नावाच्या सुताराने यूलच्या चक्कीचा कित्ता गिरवून, मोटारींचे जुने भाग जोडून, आपल्या घराच्या आवारात छोटी चक्की केली. ती चालली, म्हणून शेजाऱ्याने मागितली, म्हणून आणखी केल्या. ट्विंड येथल्या शाळेत शिक्षकांनी आणि शेकडो स्वयंसेवकांनी तीन वर्षे खपून १९७८ साली जगातली तेव्हाची सर्वांत मोठी चक्की उभी केली. ती आजही फिरते. (त्या शाळेच्या चालकांवर पुढे खटले झाले, तो विषय निराळा.) मोठ्या कंपन्यांची यंत्रे पडत होती आणि सुतार-लोहारांची उभी राहत होती, याचे कारण साधे आहे. यंत्र लहान असले की चूक लहान होते, आणि ती सुधारायला करणाराच शिडी चढतो.

मालकीचेही तसेच. कित्येक वर्षे डेन्मार्कमध्ये नियम असा, की चक्कीचा भागीदार त्या टापूतलाच रहिवासी असला पाहिजे, आणि त्याचा वाटा त्याच्या विजेच्या गरजेच्या मानाने असला पाहिजे. या नियमामुळे हजारो कुटुंबांच्या सहकारी चक्क्या झाल्या. कोपनहेगनच्या समुद्रात मिडलग्रुंडेन येथे २००० साली वीस यंत्रांची रांग उभी राहिली. त्यांपैकी निम्मी आठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेची आहेत. पात्यांचा आवाज तेथेही होतो, सावली खिडकीवर तेथेही फिरते. पण आपल्याच चक्कीचा आवाज माणूस निराळ्या कानाने ऐकतो. आज त्या देशाची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्याची आहे.

मात्र डेन्मार्कचे गोडवे गाताना एक हकीकत गाळणे मला शोभणार नाही. वेस्टास ही तेथलीच कंपनी. तिचा पाती बनवण्याचा कारखाना इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर होता. तो बंद करण्याचे कंपनीने २००९ मध्ये ठरवले, आणि सरकार तिकडे पवनऊर्जेच्या घोषणा करीत असतानाच शेकडो कामगारांना घरी बसण्याची पाळी आली. त्यांतल्या काहींनी २० जुलैला आत शिरून कचेरीचा ताबा घेतला आणि अठरा दिवस तो सोडला नाही. कारखाना वाचला नाही. वारा स्वच्छ असला म्हणून मालकी आपोआप स्वच्छ होत नाही, एवढे त्या अठरा दिवसांनी दाखवले.

आता आपल्या घरी येऊ. साठीच्या दशकात बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने विहिरीचे पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या करून पाहिल्या होत्या. विजेच्या चक्क्यांचे प्रात्यक्षिक १९८६ मध्ये गुजरातेत, तमिळनाडूत तुतिकोरिनला आणि आपल्या देवगडला झाले. पुढे या धंद्याला उधाण आले त्यामागे वाऱ्याइतकाच आयकराचा कायदा होता. चक्कीवर घातलेला सगळा पैसा पहिल्याच वर्षी घसारा म्हणून वजा धरता येई. २००२ साली तो शेकडा ८० वर आला. त्यामुळे ज्यांचा विजेशी काडीचा संबंध नाही, अशा धनिकांनी ३१ मार्चच्या आत यंत्रे घेतली. यंत्र उभे राहिले की कर वाचला. ते किती फिरते याची चिंता दुसऱ्या नंबरची. सूट उत्पादनावर न देता खरेदीवर दिली की असे होते. उत्पादनावर आधारलेले प्रोत्साहन सरकारने २००९ मध्ये आणले, तोवर पुष्कळ वारा वाहून गेला होता. तरीही हे सांगितले पाहिजे, की या उधाणातूनच देशात यंत्रे बनू लागली, आणि २०२५ च्या मार्चअखेर देशाची पवनशक्ती ५० हजार मेगावॉटपर्यंत पोहोचली. पुण्यात १९९५ मध्ये सुझलॉन कंपनी काढणारे तुलसी तांती हे मूळचे कापडधंद्यातले. गिरणीचे वीजबिल परवडेना म्हणून ते वाऱ्याकडे वळले.

सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडीचे सडे नव्वदीच्या दशकाअखेर पात्यांनी भरून गेले. खाली कोयनेचा शिवसागर, वर चक्क्या. ज्यांनी पूर्वी धरणासाठी जमिनी दिल्या त्यांच्याच डोळ्यांसमोर हे दुसरे वीजघर उभे राहिले. खरे पाहता ही जोडी झकास आहे. आपल्याकडे वारा मुख्यतः मे ते सप्टेंबर वाहतो, ऑक्टोबरच्या उकाड्यात पडतो. धरणाचे पाणी मात्र राखून ठेवता येते. कोयनेतून वर्षाला वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर लवादाने ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातलेली आहे; तेव्हा पावसाळ्यात वाऱ्याने केलेले प्रत्येक युनिट म्हणजे उन्हाळ्यासाठी राखलेले पाणी होय. वारा लहरी आहे हा तोटा खरा, पण शेजारी धरण असले तर तो पुष्कळ सुसह्य होतो.

जमिनीचा व्यवहार मात्र झकास झाला नाही. दर ठरला तो पिकाच्या हिशेबाने, पड-खडक म्हणून. मघाशी सांगितलेला घनाचा नियम घेणाऱ्याला ठाऊक होता, देणाऱ्याला नव्हता. सातबाऱ्यावर पिकाचा रकाना असतो, झाडांची नोंद असते, विहिरीची असते. वाऱ्याला रकाना नाही.

आता ती गोष्ट, जी सांगायला मला फारसे आवडत नाही. २००३-०४ चा दुष्काळ आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. सातारा-सांगलीच्या पूर्व भागात एक समज वणव्यासारखा पसरला, की डोंगरावरच्या पवनचक्क्या ढग पळवून लावतात, म्हणून पाऊस पडत नाही. एका गावी सभा होती. मी तेव्हा तिशीतला, वक्ता म्हणून बोलावलेला. माझ्या आधी बोलणाऱ्याने हे ढगांचे सांगितले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मला ठाऊक होते की हे खरे नाही. ती यंत्रे शंभर मीटरही उंच नव्हती. पावसाळी वाऱ्याचा थर कित्येक किलोमीटर जाडीचा. आणि माण-खटाव-जत १८७६ मध्येही होरपळले होते, १९७२ मध्येही. तेव्हा सड्यावर एकही पाते नव्हते. हे सगळे मला तोंडपाठ होते आणि मी बोललो नाही. लोकांचा राग खरा होता, जमिनीच्या व्यवहाराबद्दलचा होता, तो तापलेला असताना पाणी कशाला ओता, असा मी मनाशी हिशेब केला. परिणाम असा झाला, की पुढे आमचे शिष्टमंडळ भरपाईचे कागद घेऊन गेले तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने हसून पहिला प्रश्न ढगांचाच विचारला. आमचा जमिनीचा मुद्दा त्या हसण्यात गेला. मेरीकर्कच्या गावकऱ्यांना मी हसत नाही ते यामुळे. त्यांना निदान ठाऊक नव्हते.

निसर्गावरचे खरे परिणाम कोणते, तेही आता अभ्यासाने कळू लागले आहे, आणि गंमत अशी, की त्यातला एक गाजलेला अभ्यास चाळकेवाडीच्या सड्यावरचाच. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी तो २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चारपटीने कमी आढळले. त्यामुळे त्यांचे भक्ष्य असलेले सरडे वाढले, निर्धास्त झाले, माणूस जवळ आला तरी लौकर पळेनात. या सरड्याच्या जातीला शास्त्रज्ञांनी नावही आपल्या मराठी ‘सरडा’ शब्दावरूनच दिले आहे. घारी-ससाणे गेले म्हणून पाऊस पडत नाही असे नव्हे. पण सड्याचा जो मेळ बसलेला होता तो पात्यांनी मोडला, एवढे खरे. राजस्थान-गुजरातेत विजेच्या तारांवर आदळून माळढोक मरतात, म्हणून त्या तारा जमिनीखालून नेण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये आदेश काढावा लागला. २०२४ मध्ये तो सौम्य करण्यात आला. भीमाशंकरच्या डोंगरात यंत्रे वर चढवण्यासाठी काढलेल्या रस्त्यांनी काय धूप केली, याकडे माधव गाडगीळ यांच्या तज्ज्ञगटाने २०११ च्या अहवालात लक्ष वेधले. पात्यांचे काच-तंतूंचे साहित्य वितळवून पुन्हा वापरता येणे अवघड. अमेरिकेत ती पाती कापून खड्ड्यांत पुरतात.

मग काय कोळसाच बरा? हा प्रश्न कोणी मला विचारला तर मी चासनाळ्याचे नाव घेतो. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या त्या खाणीत पाणी घुसले आणि ३७० हून अधिक खाणकामगार आतच राहिले. ज्या विजेसाठी माणसाला जमिनीच्या पोटात उतरावे लागत नाही, ती वीज मला हवी आहे. दुसरे पाण्याचे. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचे औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. बीड जिल्ह्यात माणसांना प्यायला पाणी नव्हते, यंत्राला कोठून आणणार? पवनचक्कीला पाण्याचा थेंबही लागत नाही. मराठवाड्यासारख्या मुलखाला हा एकच फायदा पुष्कळ आहे.

पण फायद्याच्या खात्यात नाव कोणाचे, या माझ्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका पवनप्रकल्पावरचे रखवालदार आणि यंत्रदुरुस्तीची पोरे माझ्याकडे आली. प्रकल्पाचे नाव सांगत नाही. रखवालदारांची पाळी बारा तासांची, पगार ठेकेदाराच्या एजन्सीमार्फत, प्रॉव्हिडंट फंड कापला जाई पण भरला जात नसे. दुरुस्तीची पोरे मनोऱ्याच्या आतल्या शिडीने साठ-सत्तर मीटर चढत, दिवसातून दोनदा-तीनदा. कमरेचा पट्टा प्रत्येकाला स्वतंत्र नाही, एकाचा दुसऱ्याने वापरायचा. रखवालदारांत एक वयस्क गृहस्थ होते. मी विचारले, “मामा, जमीन-जुमला काही?” ते म्हणाले, “भाऊ, ज्या खांबाच्या बुडाला बसतो ती जमीन माझीच हुती. इकली तवा पड म्हणून इकली. आता तिचीच राखण करतोय.” तक्रार त्यांच्या आवाजात नव्हती; हिशेब सांगावा तसे सांगितले. आम्ही कामगार आयुक्तांकडे गेलो. फंडाची थकबाकी भरली गेली, पट्टे मिळाले. कायम करण्याची मागणी फेटाळली गेली; एजन्सीचे नाव बदलले, पाळी तीच राहिली.

त्या सड्यांवरची पहिली यंत्रे साडेतीनशे किलोवॉटच्या आसपासची होती, आता त्यांची पंचविशी उलटली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने जुनी यंत्रे काढून नवी, मोठी यंत्रे बसवण्याचे धोरण जाहीर केले. धोरण मला पटते. चांगली वाऱ्याची जागा जुनाट यंत्राने अडवून ठेवणे शहाणपणाचे नाही. नवे एकेक यंत्र जुन्या पाच-सहांचे काम करील. रखवालदारही मग त्या मानाने कमी लागतील. आणि लांबलचक पाती घाटातून वर न्यायची तर वळणे रुंद करावी लागतील, म्हणजे शिल्लक राहिलेल्या शेतांची कड पुन्हा मागितली जाणार.

मामांचा मुलगा यंदा संक्रांतीनंतर माझ्याकडे आला. त्यांच्या उरलेल्या पाऊण एकरातून रस्ता हवा आहे, आणि त्याचा कराराचा मसुदा इंग्रजीत, सतरा पानांचा. आम्ही दोघे नगरवाचनालयात कोश घेऊन बसलो. मोबदला एकदाच, रस्ता कायमचा. रस्त्यासोबत त्या पाऊण एकरात ‘वाऱ्याच्या वाटेत अडथळा होईल असे बांधकाम वा झाड’ न करण्याची अट अकराव्या पानावर. मुलगा म्हणाला, “म्हणजे वारा कागदात आला की!” आला, पण त्यांच्या बाजूच्या अटीत. मसुद्याच्या कडेला आम्ही मराठीत चार सूचना लिहिल्या: मोबदला दरसाल असावा, तो यंत्राने केलेल्या युनिटांवर ठरावा, मसुदा मराठीत मिळावा, आणि गावातल्या दोन पोरांना दुरुस्तीचे शिक्षण मिळावे. शेजारच्या अकरा खातेदारांनी त्याच सूचना आपापल्या मसुद्यांवर लिहिल्या आहेत. कंपनीचे उत्तर अद्याप आलेले नाही. सही कोणीही केलेली नाही.